घरफाळा थांबवून खड्डे बुजणार नाहीत

"बिलावरचा एसजीएसटी हा शहराच्या रस्त्यांचा पैसा आहे. कोल्हापूरकर कोट्यवधी रुपये भरतात, महापालिकेला त्यातला वाटा मिळतो, तरी खड्डे तसेच. म्हणून यंदा घरफाळा भरू नका!" हा मेसेज तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत फिरतो आहे. मला एकाच दिवशी तिघांनी पाठवला. खड्ड्यांचा राग मलाही आहे. पण मेसेजमधला हिशेब चुकीचा आहे, आणि ती चूक आपल्याच गल्लीला भोवेल.

एसजीएसटीतला 'एस' शहराचा नव्हे, राज्याचा. महाद्वार रोडवर साडी घेतली की निम्मा कर केंद्राकडे जातो, निम्मा राज्याच्या तिजोरीत. खरेदी ज्या शहरात झाली त्याला अमुक टक्के द्यावेत, अशी तरतूद जीएसटी कायद्यात नाही.

मग महापालिकेला राज्याकडून दरमहा येतात ते पैसे कसले? सगळा घोळ इथेच आहे. पूर्वी शहराची स्वतःची जकात होती, नंतर एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींच्या आत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही गेला. हे उत्पन्न बुडाले म्हणून राज्याने त्याच वर्षी कायदा करून महापालिकांना भरपाई सुरू केली. 2016-17 चे उत्पन्न पाया धरायचे आणि त्यात दरवर्षी चक्रवाढीने 8 टक्के वाढ द्यायची. पाया 100 रुपये असेल तर नऊ वर्षांनी साधारण 200. या दिवाळीत कोल्हापूरने दुप्पट खरेदी केली तरी या भरपाईत एक रुपयाही वाढणार नाही. हा विक्रीतला वाटाच नव्हे. त्यावर 'रस्त्यासाठी' असा शिक्काही नाही. पगार, पेन्शन, वीजबिल, कचरा उठाव हे सगळे त्यातून भागवता येते.

"कोल्हापुरात जमा होणारा जीएसटी शहराचाच" हेही खरे नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी, गांधीनगरची कापडपेठ, सगळे महापालिका हद्दीबाहेर. फौंड्रीतले कास्टिंग परराज्यात गेले तर राज्याचा हिस्साही तिकडे जातो, कारण हा कर माल जिथे वापरला जातो तिथला.

आता घरफाळ्याकडे येतो, कारण खरे नुकसान इथे आहे. नव्या रस्त्याला राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजनेतून निधी आणता येतो, त्याचा नारळही फुटतो. झालेला रस्ता टिकवायला असा कोणी धावत येत नाही. डांबराचा वैरी पाणी. गटार तुंबले की पाणी रस्त्यावर साचते, भेगांतून खाली मुरते, वरून केएमटीची बस गेली की खडी सुटते. मेमध्ये त्या भेगा भरल्या तर काम थोडक्यात आटोपते. ऑगस्टपर्यंत तिथे खड्डा पडलेला असतो. ही बारीकसारीक कामे वेळेवर व्हायला पालिकेच्या हातात स्वतःचा पैसा लागतो, आणि घरफाळा हा त्यातला मोठा आधार. तो थकवला तर आपल्याला दरमहा 2 टक्के शास्ती लागते ती वेगळीच.

"टोल नाही दिला, तेव्हाच टोल गेला" असे एकाने मला सुनावले. शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचे ते आंदोलन मलाही अभिमानाचे वाटते. पण तो टोल खासगी कंपनीच्या वसुलीचा होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी आंदोलनातली माणसे कंपनीच्या करारातली कलमे आणि कामाचा दर्जा पुढे ठेवून बोलत होती. 2015 च्या अखेरीस टोल रद्द झाला तो त्या पुराव्यांच्या आणि रस्त्यावर उतरलेल्या हजारो माणसांच्या जोरावर. घरफाळा थांबवला तर अडचण कुठल्या कंपनीची होणार? आपल्याच गटाराची.

मेसेजमागची इच्छा मात्र रास्त आहे. शहरात होणाऱ्या खरेदीतला ठरलेला हिस्सा शहराच्या रस्त्यांना मिळायलाच हवा. राज्याच्या करांतला वाटा नगरपालिका-महापालिकांना कसा द्यायचा याची शिफारस करायचे काम राज्यघटनेच्या 243वाय कलमाने राज्य वित्त आयोगाकडे दिले आहे. मागणी तिथे आणि आमदारांकडे न्यायला हवी: एसजीएसटीतला हिस्सा द्या, तो फक्त रस्त्यांच्या देखभालीला बांधून द्या, आणि प्रभागवार खर्च दरवर्षी जाहीर करा. मेसेज पाठवणाऱ्या तिघांनाही मी हेच लिहून पाठवले आहे, सोबत माझ्या घरफाळ्याची पावती.