तुझं बरोबर होतं, आमच्या भाकरीत गहू होता

बाळा, तुझा रिव्ह्यू काल रात्री मेस बंद केल्यावर वाचला. एक स्टार दिलास त्याबद्दल काही म्हणणं नाही. तू लिहिलंयस की सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन अजिबात चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आम्ही "ज्वारीची भाकरी आहे, गहू नाही" म्हणालो, आणि भाकरी आमटी खाऊन तुझे दोन दिवस हॉस्टेलच्या खोलीत गेले, परीक्षा बुडली. त्यात काउंटरवरचा मुलगा "थोडं खाल्लं तर काय होतं" म्हणाला. त्याला मी समजावलंय, ही नुसती थोडीफार खाज नाही, आतड्याच्या अस्तरालाच इजा होते, चिमूटभरानेही होते आणि यावर औषध म्हणजे आयुष्यभर पथ्य एवढंच.

सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून सगळं बघितलं. ज्वारीच्या पिठाला विरी गेली की भाकरी थापताना तुटते म्हणून मावशी त्यात मूठभर कणीक घालत होत्या, वर्षानुवर्षे घालतायत, त्यांच्या मनात काहीच वाईट नाही पण मला हे माहीत नव्हतं आणि माहीत नसताना मी तुला छातीठोकपणे सांगितलं, ती चूक माझीच. तवा पोळीचा तोच, परात तीच. दळण गिरणीतून येतं, तिथे आधी कोणाचा गहू दळला असेल काय सांगावं. आणि हिंगाची डबी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, त्यात गव्हाचं पीठ! म्हणजे तू नुसता आमटी भात खाल्ला असतास तरी त्रास होऊ शकला असता. रविवारचे पापडसुद्धा पुऱ्यांच्याच तेलात तळतो आम्ही.

एक मात्र सांगते, तू लिहिलंस की मुद्दाम खोटं बोलले. मुद्दाम नाही रे. पण तुझ्या पोटाला त्याने काय फरक पडतो, ते खरंच.

काहींनी विचारलं की आता ग्लूटेन फ्री थाळी सुरू करा. नाही करणार. तसं लिहायचं तर एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याच्या, नियमाने किलोमागे ग्लूटेन 20 मिलीग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि जिथे दिवसभर कणीक उडते त्या ओट्यावर मी ती खात्री देऊ शकत नाही. बोर्डावरचं "गहू नाही" आजच पुसलं.

तुझ्यासाठी मात्र वरच्या मजल्यावर माझ्या घरच्या ओट्यावर करेन. नवा तवा, परात, कुकर, कढई आणलीय, फोडणी बिनहिंगाची. घरघंटी नवी सांगितलीय कारण माझ्या जुन्या घंटीत गहू दळलेला आहे. ज्वारी, नाचणी मी स्वतः निवडून धुवून वाळवून दळेन. तू लिहिलंस की आता साबुदाणा, वरी आणि केळ्यांवरच दिवस काढतोयस, ते वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. अभ्यासाचं वय आहे, उपास किती दिवस करणार?

विश्वास बसत नसेल तर आईला घेऊन ये, डबे उघडून दाखवते, त्यांनी जे नको सांगितलं ते बाजूला करू. आणि यायचंच नसेल तर या महिन्याचे पूर्ण पैसे परत आहेत, खाल्लेल्या दिवसांचेही, पाकीट काउंटरवर ठेवलंय.