बालवीरांच्या गोष्टींवरचे चार आक्षेप

अलौकिक शक्तीची मुले एकत्र येऊन एखाद्या अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजतात, अशा गोष्टी मुलांना दाखवू नयेत, असा संदेश पालकांमध्ये सध्या फिरतो आहे. ही कल्पना परदेशी आहे, तिच्यात ठार मारणे हाच एक तोडगा असतो, खरे काम एकटा नायक करतो आणि मुले घरच्यांपासून लपवाछपवी शिकतात, हे त्यातले चार आक्षेप. मुलांच्या वाचनाची काळजी मलाही आहे. म्हणूनच हे आक्षेप तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिला आक्षेप भागवताचा दशमस्कंध उघडला की गळून पडतो. वनभोजनासाठी सकाळीच निघालेल्या गोपांच्या वाटेत अघासुर योजनभर लांबीचा अजगर होऊन, खालचा ओठ जमिनीला आणि वरचा ढगांना टेकवून पडलेला असतो. त्याचा जबडा मुलांना डोंगरातल्या गुहेसारखा आणि जीभ रुंद वाटेसारखी दिसते. याने गिळलेच तर कृष्णाने मारलेल्या, बगळ्याच्या रूपातल्या बकासुराची झाली तीच गत याचीही होईल, असे म्हणत, कृष्णाकडे पाहत, हसत आणि टाळ्या पिटत ती सारी वासरांसह आत शिरतात. आसपास ना नंद आहे, ना यशोदा. आपल्या गौळणींतला आणि काल्याच्या कीर्तनातला पेंद्या याच सवंगड्यांच्या मेळ्यातला. मग ही कल्पना परकी कशी?

दुसऱ्या आक्षेपाला कालियाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या विषाने यमुनेचा डोह नासला, ते पाणी पिऊन गोप आणि गाई निपचित पडल्या, तरीही नागपत्नींनी विनवणी केल्यावर कृष्ण त्याला जिवंत सोडतो आणि रमणकद्वीपाला निघून जायला सांगतो. अघासुर मारला जातो, हे खरे. पण प्रत्येक गोष्टीचा शेवट वधातच होतो, हे खरे नाही.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. अघासुराच्या पोटातून सुटका एकटा कृष्णच करतो. तालवनात मात्र श्रीदामा, सुबल आणि स्तोककृष्ण यांना पिकलेली ताडफळे हवी असतात, त्यांच्या सांगण्यावरून सगळे जातात, गाढवाच्या रूपातल्या धेनुकाला बलराम मारतो आणि त्याचे भाऊबंद चालून आल्यावर दोघे भाऊ मिळून त्यांना आवरतात. ज्या परदेशी कथांवर रोख आहे, त्यांतही हे दिसते. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवर पॅक’ या अमेरिकी कॉमिक्समध्ये चार सख्खी भावंडे आहेत आणि सरड्यासारखे दिसणारे स्नार्क त्यांच्या आईवडिलांना पळवून नेतात. मरणाऱ्या परग्रहवासीयाने प्रत्येकाला एकच शक्ती दिलेली असते : अ‍ॅलेक्सला गुरुत्वाकर्षणावर ताबा, ज्युलीला वेगाने उडणे, जॅकला शरीर धुक्यासारखे विरळ किंवा लहान आणि घट्ट करणे. धाकटी केटी ऊर्जेचे गोळे फेकते, पण त्याआधी तिला एखादी वस्तू विरघळवून ती ऊर्जा स्वतःत साठवावी लागते. तेवढा वेळ तिला भावंडांनीच मिळवून द्यायचा असतो. इथे एकटा नायक शोधूनही सापडत नाही.

उरला लपवाछपवीचा आक्षेप. अघासुराची हकिगत गोप व्रजात सांगतात. ती वर्षभराने पोहोचते, कारण मधल्या काळात ब्रह्मदेवाने त्यांना दडवून ठेवलेले असते, आणि मुलांच्या लेखी ती आजचीच घटना असते. पॉवर पॅकमधली मुले आपल्या शक्ती आईवडिलांपासून लपवतात, हे मी नाकारत नाही आणि पालकांना ते खटकावे, हेही रास्त आहे. पण याच भावंडांना स्पायडरमॅनबरोबर घेऊन १९८४ मध्येच बाल-अत्याचार रोखण्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या साथीने एक विशेष कॉमिक्स निघाले. त्यात स्पायडरमॅन लहानपणी आपल्यावर झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी बोलतो, आणि असे काही घडले तर ते मनात न ठेवता विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.