‘साभार’ लिहिले की झाले?

आमच्या कट्ट्यावरचे बहुतेक वाद दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. हा मात्र तीन संध्याकाळी चालला, आणि त्याला कारण झाले आमच्या छायाचित्रकार मित्राचे एक छायाचित्र. दाटून आलेल्या आभाळाखाली एकटे उभे असलेले झाड त्याने दोन वर्षांपूर्वी टिपले होते आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव घालून इंटरनेटवर ठेवले होते. त्या दिवशी तेच झाड आमच्या मोबाइलवरच्या समूहात परत आले ते कोपरा कापून, रंग भडक करून आणि खाली चार ओळींची एक कविता चिकटवून. पाठवणारा आमच्यातलाच होता. त्याला आम्ही ‘टपालवाले’ म्हणतो, कारण रात्रीत आलेले सगळे पुढे धाडल्याशिवाय त्याची सकाळ होत नाही.

टपालवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. कोपरा त्यांनी कापला नव्हता, एक पैसाही कमावला नव्हता आणि आले तसे पुढे पाठवले होते. शिवाय, चारचौघांनी पाहावे म्हणूनच माणूस छायाचित्र इंटरनेटवर ठेवतो ना, मग ते हजारोंनी पाहिले तर त्याची प्रसिद्धीच झाली, असा त्यांचा सवाल होता. छायाचित्रकार म्हणाला, “प्रसिद्धी झाडाची झाली. माझी कुठे झाली?”

आमच्यातल्या वकिलाने (हे टोपणनाव नव्हे, तो खरोखरच वकील आहे) आधी एक जुना गैरसमज खोडून काढला. कृती निर्माण झाली की प्रताधिकार (कॉपीराइट) आपोआप लागू होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही आणि वर्तुळातले ‘सी’ अक्षरही छापावे लागत नाही. प्रताधिकाराविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात हे तत्त्व १९०८ साली बर्लिन येथे झालेल्या सुधारणांच्या वेळी आले. अमेरिकेत मात्र प्रकाशित कृतीवर तशी सूचना छापण्याची अट दीर्घकाळ होती आणि १ मार्च १९८९ रोजी तो देश करारात सामील झाला तेव्हाच ती गेली. ‘खूण नाही, म्हणजे माल मोकळा’ ही समजूत बहुधा तिथूनच जगभर पसरली असावी, असा त्याचा तर्क आहे. पैसे न कमावण्याच्या मुद्द्यावर तो म्हणाला, की नुकसानभरपाई ठरवताना किंवा अपवाद लागू होतो का हे पाहताना नफ्याचा विचार होतो. पण प्रती काढण्याचा आणि त्या लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क मुळात निर्मात्याचा असतो, आणि दुसऱ्याने फुकट वाटल्या म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही.

“मी तर नेहमी ‘साभार’ लिहिते,” आमच्या शिक्षिका मैत्रिणीने निश्चिंतपणे सांगितले, आणि खरा वाद इथे सुरू झाला. वकिलाच्या मते आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. एक हक्क आर्थिक असतो: कृतीच्या प्रती काढणे, ती प्रसारित करणे, तिचे रूपांतर करणे. हा हक्क विकता येतो, भाड्यानेही देता येतो. दुसरा नैतिक असतो: ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा. १९२८ साली रोम येथे हा दुसरा हक्क बर्न करारात घातला गेला, तो आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र ठेवून, म्हणजे आर्थिक हक्क विकून टाकले तरी निर्मात्याकडेच राहील अशा रीतीने. त्यामुळे परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही, आणि नाव छापले म्हणून परवानगी मिळत नाही. मला स्वतःला ही फोड त्या तीन संध्याकाळींतली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटली, कारण ‘साभार’ या एका शब्दात आपण दोन्ही देणी चुकती केल्याचे समाधान मानून घेतो.

मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेले आमच्यातले ज्येष्ठ गृहस्थ, आमचे काका, इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “आणि ‘स्रोत: इंटरनेट’ लिहिणे म्हणजे पत्र पाठवणाऱ्याचे नाव म्हणून पाकिटावर ‘टपालखाते’ लिहिण्यासारखे आहे.” टपालवाले सोडून सगळे हसले. त्यांनी लगेच प्रतिहल्ला चढवला, की पूर्वी रचना तोंडोतोंडीच पसरल्या, त्या वेळी कोणी परवानगी मागत होते का? काका म्हणाले, “परवानगी मागत नव्हते हे कबूल, पण अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा असते, हे विसरू नकोस. ती वृत्तातच ओवलेली असल्यामुळे गाणाऱ्याला नाव गाळून अभंग पुरा करताच येत नाही. तुझ्या या झाडाचा कोपरा मात्र एका बोटाने कापता येतो.” छायाचित्राच्या फाइलमध्ये निर्मात्याचे नाव नोंदवण्याची सोय असते खरी, परंतु अनेक संदेशसेवा चित्र लहान करून पाठवताना ही नोंद पुसून टाकतात, आणि समाजमाध्यमांवरही बहुतेकदा तेच घडते. म्हणजे कोणीही लबाडी न करता नाव वाटेतच गळून पडते, हे टपालवाल्यांच्या बाजूने मान्य करावे लागेल.

शिक्षिकेची अडचण वेगळी होती: प्रत्येक उताऱ्यासाठी पत्रव्यवहार करायचा ठरवला, तर ती शिकवणार कधी? त्यावर वकिलाने अपवाद सांगितले. प्रकाशित कृतीतून अवतरण देण्याची मुभा बर्न करारातच आहे, आणि अध्यापनासाठीही प्रत्येक देशाला तशी तरतूद करता येते. मात्र वापर रास्त असावा, हेतूला लागेल तेवढाच असावा, आणि स्रोत व कृतीवर असलेले लेखकाचे नाव दिलेले असावे. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ किंवा ‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असे आकडे लोक छातीठोकपणे सांगतात, पण त्या करारात असे कोणतेही माप नाही. चार ओळींची कविता चार ओळींनी उद्धृत केली, तर ती अख्खीच घेतलेली असते.

जुन्या कृतींबद्दलचे बोलणे थोडक्यात आटोपले. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षे आणि युरोपीय संघात ७० वर्षे, अशा प्रताधिकाराच्या मुदती सर्वसाधारणपणे असतात. मात्र मूळ रचना मुक्त झाली तरी तिचा अलीकडचा अनुवाद किंवा तिचे नवे ध्वनिमुद्रण मुक्त होत नाही, हे ऐकून टपालवाल्यांनी कपाळावर हात मारला.

तिसऱ्या संध्याकाळी छायाचित्रकारानेच विषय पुढे नेला. आपली छायाचित्रे लोकांनी वापरू नयेत असे त्याचे म्हणणे नव्हतेच, आणि म्हणून तो क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना आधीच वापराची मोकळीक देण्याचे तयार मसुदे, वाचून आला होता. ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे पहिले परवाने आले. आज तिचे मुख्य परवाने सहा आहेत आणि श्रेय देण्याची अट सहांतही आहे. व्यापारी वापर चालेल का, बदल चालतील का आणि बदललेली कृती त्याच अटींवर खुली ठेवावी लागेल का, यांवर ते एकमेकांपासून वेगळे ठरतात. तो अडला होता तो एकाच ठिकाणी. ज्याने अटी पाळून कृती घेतली, त्याला दिलेली मोकळीक पुढे काढून घेता येत नाही. उद्या त्याने मन बदलून परवाना हटवला, तरी आधी घेतलेल्यांचा हक्क कायम राहतो. “देतो म्हटले की दिले,” तो म्हणाला, आणि त्या झाडापुरता त्याचा निर्णय अजून झालेला नाही.

टपालवाल्यांनी अखेर समूहात छायाचित्रकाराचे नाव लिहून त्याचे मूळ, न कापलेले छायाचित्र टाकले, अर्थात या खेपेस त्याला विचारून. आम्ही उठायच्या बेतात होतो, तेव्हा काकांनी विचारले, की झाडाखाली चिकटवलेली ती कविता कोणाची होती? तीन संध्याकाळी आम्ही छायाचित्राच्या मालकीवर बोलत होतो आणि त्या चार ओळींखाली ‘कवी अज्ञात’ असे लिहिले आहे, हे कोणाच्याच नजरेत आले नव्हते. छायाचित्रकाराच्याही नाही. त्याने मोबाइल पुन्हा उघडला, पहिली ओळ शोधखिडकीत टाकली, आणि आम्ही परत खाली बसलो.