बगीचा मंडळानं घ्यायचा, तर पंपाची मोटार जळल्यावर पैसे कोणाचे?

वस्तीतला बगीचा मनपाकडून आपल्या गणपती मंडळानंच चालवायला घ्यावा, असं सुनीलभाऊंचं म्हणणं. "पोट्टे तयार आहेत, अजून काय पाहिजे?"

"नोंदणी पाहिजे ना बे," प्रकाश उखडला. "गणपतीच्या पावतीबुकावर कोणी करार करते का?" किमान सात सभासद, नियमावली, १८६० च्या कायद्याखाली संस्था आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, अशा दोन्ही नोंदी लागतात. पुढची गोची वेगळीच. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. लोक हार घालतात अन् रिपोर्ट विसरतात. मग शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीवर, जुनाच अध्यक्ष राहतो आणि बँक नव्याची सही घेत नाही.

मीनाताईंना कागदांची चिंता नव्हती. "माळ्याचा पगार दर महिन्याला, मनपाकडून बिल निघते केव्हातरी. तीन महिन्यांचा पगार हाताशी नसेल तर नाव काढू नका. अन् वीज मीटर कोणाच्या नावावर राहणार? मे महिन्यात बोअरचं पाणी उतरते, पंप कोरडा चालते, वाइंडिंग जळते. रिवाइंडिंग आपलं की मनपाचं, हे करारात लिहून घ्या. 'देखभाल संस्थेची' एवढंच लिहिलं असेल तर नवी मोटारही आपल्याच गळ्यात."

सुनीलभाऊंनी पुण्याची 'स्वच्छ' काढली. २००८ पासून कचरावेचकांची सहकारी संस्था मनपाशी करार करून घरोघरचा कचरा उचलतेच की!

"उचलते, कारण घरं दर महिन्याला थेट त्यांना शुल्क देतात," प्रकाश म्हणाला. "बगिच्यात फिरायला येणारा काय देईल? आशीर्वाद?"

इथं प्रकाशचंच बरोबर वाटतं. ज्या कामाला ठरलेली आवक नाही, ते आख्खं अंगावर घेऊ नये.

मीनाताईंचा तोडगा: आधी फक्त पालापाचोळ्याचं खत करायचं काम मागा. आकारमानानं तीन भाग सुका पाला, एक भाग भाजीचा ओला कचरा. मूठ दाबली की एखाददुसरा थेंब यावा; धार लागली तर पाला वाढवा. आपल्या उन्हात ढीग लवकर सुकते आणि कुजणं थांबते, म्हणून झाकून वरचेवर पाणी मारायचं. पावसाळ्यात उलट, वरून ताडपत्री अन् खालून निचरा. नाही तर अशी घाण सुटते की तक्रार करायला शेजारीच पहिले झोन ऑफिस गाठतील.

"अन् खत विकायचं कोणाला?" सुनीलभाऊ.

"विकायचं काहून? बगिच्यालाच घाला. फक्त अर्जात पाण्याची जोडणी मागायला विसरू नका."