रेनातो लोंगोवरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

लोंगो हा इटलीचा सायक्लोक्रॉसपटू, म्हणजे चिखल-चढांच्या कच्च्या मार्गावरच्या सायकल शर्यतींचा खेळाडू. त्याच्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर तोल गेला असता, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

लेख आवडला नाही हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण ‘ज्याला सायकल चालवता येत नाही तोच ती उचलून पळतो, असल्या माणसाला डोक्यावर कशाला घ्यायचं?’ असं तुम्ही लिहिलंत. ‘असल्या माणसाला’? लोंगो 2023 मध्ये गेला. गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलावं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही, असं मला वाटायचं.

बेल्जियमच्या एरिक दे व्लामिंकची सायक्लोक्रॉसची जागतिक विजेतेपदं सात आणि लोंगोची पाच, हे तुमचं बरोबर आहे. मान्य. मी लोंगोला सर्वांत मोठा म्हटलंच नव्हतं.

आता ते उचलून पळणं. सायक्लोक्रॉसचा मार्ग मुद्दामच असा आखतात की काही ठिकाणी उतरावंच लागतं: निसरडा चढ, पायऱ्या, आडवे टाकलेले अडथळे. सायकल चालती असतानाच डाव्या बाजूला उतरायचं, ती उजव्या खांद्यावर घ्यायची, म्हणजे साखळीची बाजू अंगापासून लांब राहते. मग उजवा हात फ्रेमखालून पुढे घालून हँडल धरायचं, म्हणजे पळताना पुढचं चाक हेलकावत नाही. माथ्यावर पोचलं की सायकल खाली ठेवता ठेवता सीटवर झेप, आणि लगेच पेडल. यात दोन-तीन सेकंद गेले तरी पुढचा निसटतो, आणि हे प्रत्येक फेरीत करायचं, हिवाळ्यात, गारठलेल्या बोटांनी. ज्याला हे जमत नाही तो या खेळात मागेच राहतो.

तुम्ही कधी सायकल खांद्यावर घेतली आहे का? मी घेतली आहे. शाळेच्या वाटेवर ओढा होता, पावसाळ्यात रोजचंच. नळी खांद्याच्या हाडात रुतते, चाक वळून गुडघ्यावर आपटतं, पायाखालचे गोटे सरकतात. आणि मी नुसता चालत होतो! लोंगो पळत चढायचा, तेही त्या काळची पोलादी सायकल घेऊन, मागे जगातले सर्वांत चांगले लोक लागलेले असताना. म्हणून असं कुणी सहज लिहून गेलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

‘त्या काळी स्पर्धाच कुठे होती’ म्हणे. फ्रान्सचा आंद्रे द्युफ्रेस 1954 पासून सलग पाच वर्षं जागतिक विजेतेपद जिंकत होता. 1959 साली जिनिव्हात ती साखळी तोडली इटलीतल्या वित्तोरियो व्हेनेतो गावच्या 21 वर्षांच्या लोंगोनं. मग जर्मनीच्या रोल्फ वोल्फशोलनं 1960, 1961 आणि 1963 ही तीन वर्षं घेतली, लोंगोनं 1962, 1964 आणि 1965. हाच वोल्फशोल 1965 साली स्पेनची व्हुएल्ता जिंकला, म्हणजे रस्त्यावरची अनेक दिवस चालणारी शर्यत. अशा माणसाशी लोंगो वर्षानुवर्षं झुंजत होता. 1966 साली व्लामिंक जिंकला, आणि पुढच्याच वर्षी झ्यूरिकमध्ये विजेतेपद पुन्हा लोंगोकडे आलं. स्पर्धा याहून वेगळी काय असते?

लेख लांबला, फोटो नाहीत, इटलीतल्या चिखलाशी मराठी वाचकाला काय देणंघेणं, या बाकीच्या मुद्द्यांवर मी वेळ घालवणार नाही. ज्यांना देणंघेणं नाही त्यांनी वाचू नये.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ‘असल्या माणसाला’ एवढे दोन शब्द मात्र तुम्हीच काढा.