अकरावीला मीडिया? घ्या की. पण आधी चावीवाल्याला फोन लावा

भाचीला दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले आणि पेढे वाटून व्हायच्या आत घरात भांडण लागलं. ती म्हणते, मला मीडिया करायचंय. बहिणीचा मला फोन. "दादा, तूच पोरीला पेपरचा नाद लावलास. आता तूच समजाव." मी बावीस वर्षं डेस्कवर बातम्या कापल्या, जोडल्या, मथळे दिले. म्हणजे गुन्हेगार मीच.

अकरावीच्या अर्जात कला, वाणिज्य, विज्ञान. मीडिया नावाची शाखा नाही. सीबीएसईला अकरावी-बारावीत मास मीडिया स्टडीज हा कौशल्य विषय आहे, केरळात प्लस टूला पत्रकारिता घेता येते. आपल्याकडे पदवीच्या अलीकडे काही नाही, असं पोरांना वाटतं. आणि इथंच माझं डोकं फिरतं.

कारण आपल्याकडेही ते आहे. कुणी उघडत नाही, एवढंच. 2019 साली आलेलं अकरावीचं मराठी युवकभारती काढून बघा. शेवटी 'उपयोजित मराठी' आहे. सूत्रसंचालन, मुद्रितशोधन म्हणजे प्रूफ तपासणं, अनुवाद, अनुदिनी म्हणजे ब्लॉग, रेडिओजॉकी. बारावीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. अहो, अर्धं वर्तमानपत्र याच्यावर चालतं! बारावीला 80 पैकी 14 गुण यालाच आहेत. आणि शिकवतात कसं? परीक्षा तोंडावर आली की गाईडमधून. "मुलाखतीची पूर्वतयारी, पाच मुद्दे, लिहून घ्या." एका पोरीची वही बघितली. मुद्रितशोधनाच्या उत्तरात चार वेळा 'मुद्रीत', आणि त्यावर लाल शाईची टिक.

(मी हसायला नको खरं तर. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका धडधाकट माणसाच्या नावाआधी 'कै.' लावून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑफिसात आले. मुद्रितशोधन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. व्याख्या अजून येत नाही.)

गेल्या वर्षी आमच्या सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासभर बोलायला बोलावलं होतं. भाषण सोडून दिलं. फळ्यावर त्या दिवशी सगळ्या ग्रुपवर फिरत असलेला मेसेज लिहिला : 'पाइपलाइन फुटली, मंगळवारपासून तीन दिवस शहरात पाणी नाही, सर्वांना पाठवा.' म्हटलं, खरं का खोटं, चाळीस मिनिटांत सांगा. मोबाईल वापरा.

सोलापुरात पाणी हा जिव्हाळ्याचा विषय. रोज येत नाही, त्यामुळे कुठल्या भागात कधी येतं हे पोरांना पाढ्यांसारखं पाठ. पहिली दहा मिनिटं नुसता कालवा. "माझ्या मावशीनं पाठवलंय, म्हणजे खरंच असणार." मग मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "सर, मंगळवार लिवलंय, तारीख कुठाय बे?" 'सर' आणि 'बे' एका वाक्यात फक्त सोलापुरातच येतात. पण प्रश्न अचूक होता. तारीख नव्हती, कुणाची सही नव्हती, कुठली पाइपलाइन तेही नव्हतं. शहराला पाणी उजनीवरून येतं, टाकळीवरून येतं, हिप्परग्यावरून येतं. एक लाइन फुटली म्हणून सगळं शहर कसं कोरडं पडेल?

मग एकीनं त्यांच्या भागातल्या चावीवाल्याला, म्हणजे नळाला पाणी सोडणाऱ्या माणसाला, फोन लावला. स्पीकरवर. तो मराठीत तुटक बोलायला लागला तशी ती सरळ तेलुगूत शिरली, आणि माणूस मोकळा झाला. मेसेज मागच्या उन्हाळ्यातला. तेव्हा खरा होता, आता नव्हता. दुसऱ्या भागातल्या चावीवाल्याशी एकानं कानडीत बोलून तेच पक्कं केलं. दोन सूत्रं, दोन भाषा, मराठीत बातमी. पुण्या-मुंबईच्या मीडिया कॉलेजात हे फीमध्ये बसत नाही, आमच्या पूर्व भागातली पोरं घरून घेऊन येतात.

त्या तासात कुणी कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. एरवी मीडिया म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर माइक आणि ट्रायपॉडच येतो. 15 जून 2023 ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा ती कोसळतानाचा व्हिडिओ अर्ध्या गावाच्या मोबाईलमध्ये होता. ती विमानतळासाठी का पाडावी लागली, कारखान्याला ऊस घालणाऱ्याचं म्हणणं काय, हे विचारून रेकॉर्ड केलेलं पोरगं मला तरी भेटलं नाही. शूटिंग सगळ्यांना येतं. विचारायला कुणी शिकवत नाही.

आणखी एक. ही पोरं रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जातात. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या त्या चौघांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं. विशीतला संपादक, आपल्या गावचा. पत्रकारितेचा पहिला धडा रिक्षाच्या स्टॉपवर उभा आहे आणि आम्ही वृत्तलेखाला विषय देतो 'जागतिक तापमानवाढ'.

तर बहिणीला मी काय सांगितलं? पोरीला कला शाखेत घाल. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र घेऊ दे, मराठी नीट होऊ दे. महापालिकेचं बजेट वाचता आलं नाही तर माइक धरून उपयोग काय? पुढं जनसंज्ञापनाचा विभाग आपल्याच विद्यापीठात आहे, घर सोडायचीही गरज नाही. यावर बहिणीचं उत्तर : "सगळेच काय नागराज होत नाहीत." करमाळ्याकडचा नागराज मंजुळे सिनेमे काढून मोठा झाला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या आयांना हे एक वाक्य मिळालं. अगं, मीही झालो नाही. वर्षभर पगार उशिरा व्हायचा हेही मी भाचीला सांगितलंय, लपवलं नाही.

भाचीला मात्र एक अट घातली. रिंग लाइट मागायची नाही. दर आठवड्याला घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची एक बातमी, दोन माणसांना विचारून, दीडशे शब्दांत. पहिली आली. गल्लीतल्या विडी कामगार बायकांवर, त्यांच्या कारखान्यात नापास होणाऱ्या विड्यांवर. दोनशे साठ शब्द, त्यातले शंभर विशेषणं. बायकांची नावं होती, ठेकेदाराचं म्हणणं नव्हतं. परत पाठवली.

तिनं अर्जात पहिल्या पसंतीला कला टाकलंय. बहीण अजून सरळ बोलत नाही. रविवारी जेवायला बोलावलंय, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणीला तिखट किती असेल याचा अंदाज आहे.