कंपल्सरी लायसन्स म्हणजे पेटंटची चोरी? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, चांगली शिकलेली माणसंही पुढे ढकलतायत. त्यात म्हटलंय की पेटंट असलेलं औषध कंपनीच्या मर्जीविरुद्ध दुसऱ्याला बनवू देणं, म्हणजेच कंपल्सरी लायसन्स, ही जागतिक व्यापाराचे नियम धाब्यावर बसवून केलेली चोरी आहे, कंपनीला त्यातून एक पैसा मिळत नाही, फार तर महामारीत ते चालू शकतं, असले प्रकार फक्त गरीब देश करतात आणि यामुळे नव्या औषधांचं संशोधन बंद पडणार. वाचताना पटतं, पण यातलं जवळपास काहीच खरं नाही, आणि प्रश्न लोकांच्या जिवाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

"नियम धाब्यावर बसवले." अहो, कुठला नियम? ट्रिप्स करार, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचा पेटंटसारख्या हक्कांबद्दलचा करार, १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. पेटंट किमान २० वर्षांचं हवं हे ज्या कराराच्या कलम ३३ मध्ये आहे, त्याच कराराच्या कलम ३१ मध्ये पेटंटधारकाच्या मंजुरीशिवाय वापर कुठल्या अटींवर करता येईल तेही लिहिलंय. कितीतरी देशांत तोवर औषधाला पेटंट मिळतच नव्हतं, भारतातही २००५ पर्यंत ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं, म्हणजे या देशांनी पेटंट द्यायचं मान्य केलं ते ही सोय करारात आहे हे बघूनच. एक कलम पाळायचं आणि दुसरं वापरलं की चोर म्हणायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

"एक पैसा मिळत नाही." मिळतो, मोबदला देणं बंधनकारकच आहे. भारतात २०१२ मध्ये सोराफेनिब या कॅन्सरच्या औषधावर लायसन्स दिलं तेव्हा आधी ६ टक्के रॉयल्टी ठरली, नंतर ती ७ टक्के झाली. महिन्याला २ लाख ८० हजारांच्या आसपास पडणारं औषध जेनेरिक कंपनीने, म्हणजे तेच औषध स्वस्तात बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने, ८,८८० ला द्यायचं असं ठरलं. पेटंट कंपनीकडेच राहिलं, स्वतःचं औषध विकायलाही ती मोकळीच होती. रॉयल्टी कमी आहे असं कोणी म्हणत असेल तर जरूर वाद घालू, पण फुकट म्हणणं साफ खोटं आहे.

"फक्त महामारीत." हा गैरसमज सगळ्यात जास्त पसरलाय, चांगल्या बातम्यांमध्येही दिसतो. एरवी लायसन्सच्या आधी कंपनीशी रीतसर बोलणी करावी लागतात, आणि आणीबाणी असेल तर त्या बोलण्यांमधून सूट मिळते, एवढाच आणीबाणीचा संबंध. लायसन्ससाठी कारण काय धरायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य प्रत्येक देशाला आहे, हे नोव्हेंबर २००१ च्या दोहा जाहीरनाम्यात व्यापार संघटनेच्या सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलेलं आहे. वरचं सोराफेनिबचं लायसन्ससुद्धा आणीबाणीतलं नव्हतं, औषध लोकांना परवडेल अशा किमतीत आणि पुरेसं मिळत नाही या कारणावर दिलेलं होतं.

"फक्त गरीब देश करतात." कॅनडात १९६९ ते १९९३ औषधं आयात करायलासुद्धा असे परवाने मिळायचे. ब्रिटनच्या सरकारने साठच्या दशकात सरकारी दवाखान्यांसाठी पेटंट असलेलं टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक बाहेरून स्वस्तात आणलं आणि १९६५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते योग्य ठरवलं. अमेरिकेत तर कायदाच असा आहे की सरकारने पेटंट वापरलं तर मालकाला फक्त भरपाई मागता येते, वापर थांबवता येत नाही. २००१ मध्ये अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाची भीती पसरली तेव्हा त्यावरच्या सिप्रोफ्लॉक्सासिन या औषधाची किंमत उतरवायला याच हक्काचा धाक दाखवला गेला होता.

राहिला संशोधनाचा मुद्दा, आणि हा मी हलक्यात घेत नाही कारण नवं औषध शोधायला खरोखर प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात. पण पैसा कोणाचा तेही बघा. एचआयव्हीचं पहिलं औषध एझेडटी १९६४ मध्ये बनलं ते अमेरिकन सरकारच्या अनुदानावर, ते या विषाणूवर चालतं हे दाखवण्यात सरकारी शास्त्रज्ञांचा मोठा वाटा होता, आणि पेटंट मात्र गेलं खाजगी कंपनीकडे. आणि २००० च्या सुमारास एचआयव्हीच्या औषधांचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता, २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तेच ३५० डॉलरला द्यायची तयारी दाखवली. ज्याला दहा हजार कधीच देता येणार नव्हते तो रोगी कंपनीचा गिऱ्हाईक नव्हताच, मग त्याला स्वस्त गोळी मिळाली म्हणून संशोधनाचे कुठले पैसे बुडाले हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

उलट खरी अडचण अशी आहे की हा हक्क वापरणंच फार अवघड करून ठेवलंय. लायसन्सखालचं उत्पादन मुख्यतः देशातल्या बाजारासाठीच असलं पाहिजे अशी अट आहे, म्हणजे ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही त्याने करायचं काय? त्यावर २००३ मध्ये, दुसऱ्या देशात लायसन्सखाली बनवून आणता येईल असा तोडगा काढला, पण तो इतका किचकट की रवांडाने असं औषध हवंय हे जुलै २००७ मध्ये कळवलं आणि कॅनडातून गोळ्यांची पहिली खेप निघाली सप्टेंबर २००८ मध्ये. शिवाय दबाव असतोच. थायलंडने २००६-०७ मध्ये एचआयव्ही आणि हृदयविकाराच्या औषधांवर लायसन्स काढली तर अमेरिकेने त्याला व्यापारातल्या 'प्रायॉरिटी वॉच लिस्ट'मध्ये, म्हणजे पेटंटसारखे हक्क नीट जपत नाहीत असं अमेरिकेला वाटणाऱ्या देशांच्या यादीत, टाकलं आणि अ‍ॅबट कंपनीने तिथल्या नव्या औषधांचे नोंदणी अर्ज मागे घेतले, ज्यात एचआयव्हीची फ्रीजशिवाय टिकणारी गोळीसुद्धा होती. थायलंडने यात ट्रिप्सचं एकही कलम मोडलेलं नव्हतं.